हरिकेनचा हंगाम, अडलेला प्रवास आणि किनाऱ्यावरची घरे

या वेळच्या पत्रांत अमेरिकेच्या अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखाताकडील किनाऱ्यावर येणाऱ्या हरिकेनविषयीचे, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांविषयीचे, प्रश्न बरेच आहेत. लिहिणाऱ्यांपैकी काहींची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, तर काहींनी शरद ऋतूतील सहलीचे पैसे आधीच भरून ठेवले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमची मुलगी फ्लोरिडातील टँपा येथे राहते. सप्टेंबरच्या अखेरीस तिच्याकडे जाऊन पुढे आठवडाभर समुद्रकाठी राहण्याचा आमचा बेत आहे. या दिवसांत हॉटेले स्वस्त आहेत. वादळ येणार की नाही, हे किती आधी कळते?

उत्तर : हॉटेले स्वस्त असण्याची दोन कारणे आहेत : शाळा सुरू झालेल्या असतात, आणि हाच काळ हरिकेनच्या भराचा असतो. अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा सर्वोच्च बिंदू १० सप्टेंबरच्या आसपास येतो. पण ऑक्टोबरमध्येही मोठी वादळे येतात, हे २०२४ च्या ९ ऑक्टोबरला फ्लोरिडाच्या सिएस्टा की येथे धडकलेल्या मिल्टनने दाखवून दिले. म्हणून ‘या आठवड्यात वादळ येईल का’ याचे उत्तर तिकीट काढताना कोणालाही देता येत नाही. ते निघण्याच्या चार-पाच दिवस आधी थोडेफार मिळते आणि खात्रीने म्हणाल तर दोन दिवस आधी.

अंदाज देण्याचे काम मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र करते. वादळ चालू असताना केंद्राचे सविस्तर निवेदन दर सहा तासांनी निघते. तेथील उन्हाळी वेळेनुसार ते पहाटे पाच, सकाळी अकरा, सायंकाळी पाच आणि रात्री अकरा या वेळांना येते. म्हणजे भारतात दुपारी अडीच, रात्री साडेआठ, मध्यरात्रीनंतर अडीच आणि सकाळी साडेआठ. किनाऱ्याला इशारा दिलेला असेल, तर मधल्या वेळातही निवेदने निघतात. मुलीला तासातासाला फोन करण्यापेक्षा या वेळा लक्षात ठेवणे दोन्हीकडच्यांना सोयीचे पडेल. हरिकेन ‘वॉच’ (वादळाची शक्यता) वादळी वारे सुरू होण्याच्या सुमारे ४८ तास आधी, तर ‘वॉर्निंग’ (वादळ येणे अपेक्षित) सुमारे ३६ तास आधी दिली जाते. ‘वॉच’ लागल्यावर परदेशी पाहुण्याने किनाऱ्यावर नवा मुक्काम सुरू करू नये, असे आमचे मत आहे.

वादळाचा संभाव्य मार्ग दाखवणाऱ्या, दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या पांढऱ्या शंकूबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण जाणती माणसेही तेथेच फसतात. तो शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. मागील पाच वर्षांच्या अंदाजांत किती चूक झाली, त्यावरून तो आखलेला असतो आणि वादळाचे केंद्र त्याच्या आत राहण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजेच तीनांतून एकदा केंद्रच शंकूबाहेर जाते, आणि वारा, पाऊस व उधाण (वादळाने किनाऱ्यावर चढणारे समुद्राचे पाणी) तर केंद्रापासून शेकडो किलोमीटरवर पोचतात. २०२२ मधील इयान हे याचे ठळक उदाहरण. अंदाजातील मधली रेषा बराच काळ टँपाकडे जात होती. पुढे वादळ उजवीकडे सरकले आणि २८ सप्टेंबरच्या दुपारी टँपाच्या दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटरवर कायो कोस्टा बेटावर आले. टँपाच्या खाडीतले पाणी वाऱ्याने समुद्राकडे ओढले जाऊन तळ उघडा पडला, आणि तिकडे फोर्ट मायर्स बीचवर माणसाच्या उंचीच्या दुप्पट उधाण चढले. ज्या ली काउंटीत (जिल्ह्यात) हे घडले, तेथे घरे सोडण्याचा पहिला आदेश आदल्या दिवशी सकाळी निघाला होता. तो उशिरा निघाल्याची टीका पुढे झाली. रेषा दुसरीकडे दिसत होती म्हणून निर्धास्त राहिलेली कुटुंबेही त्या किनाऱ्यावर होती, हेही विसरता येत नाही.

बेत रद्द कराच, असे आम्ही म्हणत नाही. मुक्कामाची आखणी मात्र बदला. आधी मुलीचे घर आणि शेवटी समुद्रकिनारा असे पक्के ठरवून टाकण्याऐवजी किनाऱ्याचे दिवस पूर्णपणे मोकळे, म्हणजे एक-दोन दिवस आधी कळवून रद्द करता येतील असे घ्या, त्यासाठी थोडे जास्त भाडे पडले तरी चालेल.

प्रश्न : वादळामुळे विमान रद्द झाले तर पैसे कोण देते? आम्ही विमा निघण्याच्या आदल्या आठवड्यात काढतो. तो पुरतो का?

उत्तर : यात तीन वेगवेगळे हिशेब आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला हिशेब विमान कंपनीचा. अमेरिकेतून सुटणाऱ्या, तेथे जाणाऱ्या आणि देशांतर्गत उड्डाणांबाबत तेथील परिवहन खात्याचा नियम असा आहे की, कंपनीने उड्डाण रद्द केले आणि प्रवाशाने बदली उड्डाण स्वीकारले नाही, तर कारण हवामानाचे असले तरी पूर्ण भाडे परत द्यावे लागते. २०२४ च्या सुधारित नियमानुसार कार्डाने भरलेले पैसे कामकाजाच्या सात दिवसांत परत यायला हवेत. हॉटेल, जेवण किंवा टॅक्सी यांचा खर्च मात्र हवामानाच्या कारणात कंपनीकडे मागता येत नाही. एक व्यावहारिक गोष्ट अशी की, वादळ येण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बहुतेक कंपन्या ठरावीक विमानतळांसाठी तारीख बदलण्याचे शुल्क माफ करतात. ही सवलत जाहीर झाली की त्याच दिवशी तारीख बदलून घ्यावी. उड्डाण रद्द होण्याची वाट पाहत बसलेल्यांना नंतर जागा मिळत नाही, कारण बंद विमानतळ पुन्हा उघडल्यावर विमाने आणि कर्मचारी वेगवेगळ्या शहरांत अडकलेले असतात आणि वेळापत्रक रुळावर यायला काही दिवस लागतात.

दुसरा हिशेब विम्याचा. वादळाला नाव मिळाले की विमा कंपन्यांच्या दृष्टीने ते ‘आधीच माहीत असलेले संकट’ ठरते. त्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळामुळे झालेले नुकसान सहसा धरले जात नाही. आदल्या आठवड्यात विमा काढण्याची सवय हंगामात म्हणूनच महागात पडू शकते. सहलीची पहिली रक्कम भरतानाच तो काढावा. ‘कोणत्याही कारणाने रद्द’ करण्याची मुभा देणारे विमे अमेरिकेत मिळतात, पण ते पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत घ्यावे लागतात आणि खर्चाचा साधारण ५० ते ७५ टक्के भागच परत देतात.

तिसरा हिशेब घरमालकाचा, आणि तो राज्याराज्यांत वेगळा आहे. नॉर्थ कॅरोलायनात सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांचा स्वतंत्र कायदा आहे. सक्तीने जागा सोडण्याचा आदेश निघाला, तर राहता न आलेल्या रात्रींचे भाडे मालकाने परत द्यायचे असते. परंतु करार करताना भाड्याच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेल्या किमतीत विमा देऊ केला असेल, तर ही जबाबदारी उरत नाही, मग पाहुण्याने तो विमा नाकारलेला का असेना. करारातली ती चौकट ‘नको’ म्हणून खूण करून पुढे जाण्यापूर्वी एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : कॅरिबियन समुद्रातील जहाज सफरीचे पैसे भरले आहेत. वादळ आले तर सफर रद्द होते का?

उत्तर : क्वचित. जहाजाला वाट बदलता येते. पूर्वेकडच्या बेटांऐवजी पश्चिमेकडची बेटे दाखवून किंवा एखादा दिवस केवळ समुद्रात काढून सफर पूर्ण केली जाते, आणि ठरलेली बंदरे चुकल्याबद्दल भरपाई देण्याचे बंधन कराराने कंपनीवर सहसा नसते. खरी अडचण परतीच्या बंदराची असते. अमेरिकेचे तटरक्षक दल वादळाच्या अंतरानुसार बंदरांना चार टप्प्यांचे आदेश देते. वादळी वारे सुमारे १२ तासांवर असताना शेवटचा टप्पा लागू होऊन बंदर बंद होते, आणि मग जहाज एक-दोन दिवस बाहेरच राहते. परतीचे विमान बंदराला लागण्याच्या दिवशीच ठेवू नये.

प्रश्न : आम्ही किनाऱ्यावर घर भाड्याने घेतले होते. वादळ समुद्रातच राहणार असल्याचे बातम्यांत सांगत होते, तरी स्थानिक प्रशासनाने पाहुण्यांना बाहेर काढले. रहिवासी मात्र आणखी काही काळ तेथेच होते. हा अन्याय नव्हे काय?

उत्तर : आपल्या रागात तथ्य असले, तरी प्रशासनाचाच निर्णय बरोबर होता असे आम्हांला वाटते.

बातम्यांत सांगितली जाणारी १ ते ५ ही श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरते. ताशी ११९ किलोमीटर वारा असला की पहिली श्रेणी, २५२ च्या पुढे पाचवी. समुद्र किती चढेल, पाऊस किती पडेल आणि वादळ किती मोठे आहे, यांचा त्या आकड्याशी संबंध नाही, आणि माणसे दगावतात ती बहुतांशी पाण्याने. २०१८ मध्ये फ्लॉरेन्स समुद्रात चौथ्या श्रेणीपर्यंत पोचले होते. १४ सप्टेंबरला ते नॉर्थ कॅरोलायनात विल्मिंग्टनजवळ आले तेव्हा श्रेणी पहिली उरली होती, आणि ‘आता काही होत नाही’ म्हणून थांबलेल्यांवर पुढचे काही दिवस संथपणे सरकणाऱ्या त्या वादळाने काही ठिकाणी ७५ सेंटीमीटरहून अधिक पाऊस ओतला. विल्मिंग्टनकडे जाणारे रस्ते पाण्याखाली गेले, शहराचे बेट झाले, आणि बाहेरच्या प्रवाशांनी राज्यातून वाहने नेऊच नयेत असे सांगण्याची पाळी राज्यावर आली. २०१२ च्या सँडीचा जोरही न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर येताना पहिल्या श्रेणीएवढाच होता. पण त्याचा पसारा एवढा होता की न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्र शिरला.

वादळ जमिनीवर आलेच पाहिजे, असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एरिन किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूरूनच निघून गेले, तरी नॉर्थ कॅरोलायनाच्या हॅटरस आणि ओक्राकोक या बेटांवरून लोकांना बाहेर काढावे लागले. लाटांनी वाळूचे बांध फोडले की या बेटांना जोडणारा महामार्ग क्रमांक १२ पाण्याखाली जातो. त्याला पर्यायी रस्ता नाही. अशा दिवशी आकाश निळे असते, वारा बेताचा असतो आणि किनाऱ्यावरून समुद्रात खेचणाऱ्या प्रवाहांत पोहणारे ओढले जातात. वर्णन ऐकून आपला मुक्काम याच पट्ट्यातला असावा असे वाटते.

पाहुण्यांना आधी का काढतात, याचे उत्तर रस्त्यात आहे. फ्लोरिडा कीजमध्ये बेटांच्या रांगेतून जाणारा महामार्ग सुमारे १८० किलोमीटर लांब असून त्यावर ४२ पूल आहेत, आणि बाहेर पडायला तेवढा एकच रस्ता आहे. सर्व जण एका वेळी निघाले तर कोणीच वेळेत पोचणार नाही. म्हणून २०१७ च्या इर्माच्या वेळी पाहुण्यांना सकाळी आणि रहिवाशांना त्यानंतर निघण्याचे आदेश दिले गेले. रहिवाशाला खिडक्यांना फळ्या ठोकायच्या असतात, होडी बांधायची असते, वृद्ध आई-वडिलांची औषधे गोळा करायची असतात. पाहुण्याला फक्त बॅग भरायची असते. शिवाय वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास गेला की अनेक ठिकाणी उंच पूल बंद होतात आणि रुग्णवाहिकाही थांबतात. त्या घटकेला मागे राहिलेला पाहुणा ज्याच्या मदतीवर अवलंबून राहतो, त्या माणसाचे स्वतःचे घरही त्याच पाण्यात असते.

प्रश्न : मुलगा ह्यूस्टनला आहे. वादळाची बातमी आली की आम्ही त्याला ‘ताबडतोब शहर सोड’ असे सांगतो आणि तो ऐकत नाही. कोणाचे बरोबर?

उत्तर : ते त्याच्या घराच्या जागेवर अवलंबून आहे. तो उधाणाच्या किंवा पुराच्या टापूत राहत असेल आणि त्या टापूला आदेश निघाला असेल, तर आपले. नसेल तर बहुधा त्याचे.

तिकडचे आपत्ती व्यवस्थापक एक सूत्र वारंवार सांगतात : पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. किनाऱ्यावरील वस्त्यांचे टापू पाडलेले असतात आणि आदेश टापूनुसार निघतात. आपला टापू कोणता, हे मुलाला त्याच्या पत्त्यावरून आजच पाहून ठेवता येईल. ज्यांना जायचे नाही त्यांनी रस्त्यावर येऊ नये, हाही त्या व्यवस्थेचा भाग आहे, आणि हे ह्यूस्टननेच फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग बुडवल्याला महिनाही झाला नव्हता, तोच सप्टेंबर २००५ मध्ये रीटा आले. घाबरून त्या परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास माणसे निघाली, त्यांत ज्यांना आदेशच नव्हता असे असंख्य. कडक उन्हात महामार्गावर वाहनांच्या रांगा तासन्‌तास उभ्या राहिल्या, पेट्रोल संपले, आणि वृद्धाश्रमातील लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण गेले. त्या स्थलांतरात शंभराच्या आसपास मृत्यू झाले. वादळ शेवटी पूर्वेला सरकले आणि शहर मोठ्या तडाख्यातून वाचले.

थांबायचे ठरले, तर चिंता वादळाच्या रात्रीपेक्षा नंतरच्या आठवड्याची करावी. जुलै २०२४ मध्ये बेरिल पहिल्या श्रेणीचे वादळ म्हणून ह्यूस्टनवरून गेले आणि वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. जुलैच्या उकाड्यात ती काहींना आठवड्याहून अधिक काळ मिळाली नाही. इर्मानंतर फ्लोरिडातील हॉलिवूड या गावी एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडून १२ वृद्धांचा मृत्यू झाला, त्यानंतर २०१८ मध्ये अशा संस्थांना गारवा टिकवण्यापुरता जनरेटर ठेवण्याची सक्ती त्या राज्याने केली. घरगुती जनरेटरचा धोका निराळाच आहे. पाऊस लागू नये म्हणून लोक तो गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली ठेवतात आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड झोपेत घर भरतो. तो घरापासून किमान सहा मीटर दूर, धूर घराच्या विरुद्ध दिशेला जाईल असाच हवा. मुलाला फोन कराल तेव्हा ‘शहर सोड’ म्हणण्याऐवजी जनरेटर कोठे ठेवला आहेस, हे विचारा.

प्रश्न : भाड्याची मोटार घेऊन किनाऱ्यावर फिरताना वादळाचा इशारा आला तर काय करावे?

उत्तर : टाकी अर्धी झाली की भरावी, कारण वीज गेल्यावर बहुतेक पंप बंद पडतात. रस्त्यावरच्या वाहत्या पाण्यात गाडी घालू नये; फूटभर वाहते पाणी लहान मोटार सहज वाहून नेते. गाडी विजेवर चालणारी असेल आणि खाऱ्या पाण्यात बुडाली असेल, तर ती वाळल्यावरही चालू करू नये, कारण बॅटरीला नंतर आग लागण्याचे प्रकार इयाननंतर फ्लोरिडात घडले आहेत.

प्रश्न : वादळ होऊन गेल्यावर किती दिवसांनी जावे? लवकर जाणे असंवेदनशील वाटते, आणि न जाण्याने तिथल्या लोकांची रोजीरोटी बुडते असेही वाचले.

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त एकाच वेळी नव्हेत.

पहिल्या आठवड्यांत रहिवाशांनाही परत येऊ दिले जात नाही. आधी बचाव पथके, मग वीज आणि पाण्याचे कर्मचारी, मग पत्त्याचा पुरावा किंवा परवाना दाखवणारे रहिवासी आणि सर्वांत शेवटी पाहुणे, असा साधारण क्रम असतो. इयानने सॅनिबल बेटाचा सेतुमार्ग अनेक जागी तोडला होता. रहिवाशांच्या मोटारींसाठी तो तात्पुरता सुरू व्हायलाच १९ ऑक्टोबर २०२२ उजाडला. फ्लोरिडा कीज इर्मानंतर तीन आठवड्यांत पाहुण्यांसाठी उघडले, पण ६ सप्टेंबर २०१९ च्या डोरियनने बुडालेल्या छोट्याशा ओक्राकोकला त्यासाठी डिसेंबर लागला. अंतर्भागही सुटत नाही. सप्टेंबर २०२४ मधील हेलीनने फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातील अ‍ॅशव्हिल शहराची पाणीयोजना मोडली, आणि नळाला पिण्याजोगे पाणी यायला ५३ दिवस लागले. शरदातील रंगीत पाने पाहायला येणाऱ्यांचा तोच हंगाम होता.

या काळात तेथील घरे कशी असतात, हे डोळ्यांपुढे आणले तर जायचे की नाही हे ठरवणे सोपे जाते. पाणी ओसरल्यावर आतल्या भिंतींवर चिखलाची रेघ राहते. बुरशी चढू नये म्हणून त्या रेघेच्या वरपर्यंत भिंतीचे तक्ते कापून काढतात आणि मागचा लाकडी सांगाडा उघडा ठेवून पंखे लावतात. दारासमोर रस्त्याच्या कडेला भिजलेल्या गाद्या, कपाटे आणि दार चिकटपट्टीने बंद केलेले फ्रिज रचलेले असतात. आतले अन्न सडलेले असल्यामुळे ते दार कोणी उघडत नाही. या नुकसानीचे पैसे मिळणेही सरळ नसते. नेहमीच्या गृहविम्यात पूर धरला जात नाही. त्यासाठी वेगळा विमा लागतो आणि सरकारी योजनेतील असा विमा काढल्यावर तो लागू व्हायला सहसा ३० दिवस जावे लागतात. वाऱ्याच्या नुकसानीतही आधीचा वाटा मालकाचाच असतो. चार लाख डॉलरच्या विम्यावर तो वाटा २ टक्के धरला, तर पहिले आठ हजार डॉलर घरातूनच जातात. हॉटेलात खोल्या साफ करणारी बाई, होडी चालवणारा आणि खानावळीतला वाढपी यांचा पगार तासावर आणि बक्षिशीवर असतो. हॉटेल बंद झाले की त्यांचे उत्पन्न त्या दिवसापासून थांबते, घर मात्र त्यांनाही दुरुस्त करायचे असते.

म्हणून जिथे नळाला पाणी नाही किंवा खोल्यांत मदत पथके आणि बेघर झालेली कुटुंबे राहत आहेत, तिथे तारीख पुढे ढकलावी, शक्यतो पैसे परत न मागता. जिथे प्रशासनाने पाहुण्यांसाठी दार उघडले आहे, तिथे खुशाल जावे, आणि उद्ध्वस्त घरांची छायाचित्रे काढत हिंडू नये. हॉटेलला फोन करून दोन गोष्टी आधी विचाराव्यात : नळाचे पाणी पिता येते का, आणि सध्या खोल्यांत कोण राहत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘वीज कंपनीची माणसे’ असे आले, तर आणखी महिनाभर थांबावे.